होळकरांची केशरी ड्यूसेनबर्ग

इंदूर संस्थानचे अखेरचे सत्ताधीश महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांचे ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत निधन झाले. वय अवघे ५३ वर्षांचे. त्यांच्यामागे गादीचा मान कन्या उषादेवी यांच्याकडे गेला. मात्र, ज्या मोटारीवर होळकर घराण्याचे केशरी आणि काळे रंग मोठ्या हौसेने चढविले होते, ती ड्यूसेनबर्ग घराण्यात टिकली नाही. सातासमुद्रापार अमेरिकेत ती संग्राहकांच्या हाती गेली आणि आजही महाराजांच्याच नावाने ओळखली जाते.

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. गादी त्यांना मिळाली तीही एका वादळातून. १९२५ च्या जानेवारीत मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. इंदूर दरबार सोडून गेलेल्या मुमताज बेगमला पळवून नेण्याच्या प्रयत्नात हे घडले आणि संशयाची सुई थेट इंदूरकडे वळली. चौकशी की पदत्याग, असा पेच इंग्रजांनी टाकल्यावर तुकोजीराव (तिसरे) यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये पदत्याग केला. यशवंतराव तेव्हा सतरा वर्षांचे होते. पूर्ण अधिकार हाती यायला १९३० साल उजाडले. तोवरचा बराच काळ इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयात गेला.

कागलच्या संयोगिताराजे यांच्याशी त्यांचा विवाह १९२४ मध्येच झाला होता. हे तरुण दांपत्य पॅरिस आणि लंडनच्या कलावर्तुळात रमले. जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी इंदूरचा माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. ना कमानी, ना झुंबरे. वातानुकूलित दालने, काच आणि धातूचे फर्निचर. शिल्पकार ब्रांकुशी यांची पक्ष्याची तीन शिल्पे महाराजांनी विकत घेतली आणि त्यांच्यासाठी इंदुरात एक मंदिर उभारण्याचे ठरविले. इतर संस्थानिक हिरे-मोती आणि शिकारीत गुंतले असताना या मराठा राजाची नजर भलतीकडेच होती, हे खरे.

मोटारीचे वेड याच वृत्तीतून आलेले. संस्थानिकांच्या मोटारखान्यात त्या काळी रोल्स रॉइसचा दबदबा होता. हत्तीच्या अंबारीप्रमाणे ती मिरवणुकीची गाडी. महाराज मागे आणि चालक पुढे. यशवंतरावांना मात्र स्वतः सुकाणू हाती धरण्याची गाडी हवी होती. अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग बंधूंच्या कंपनीची 'एसजे' ही त्या काळातील सर्वांत शक्तिशाली मोटारींपैकी एक. ६.९ लिटरचे, एका रांगेत आठ सिलिंडरांचे इंजिन, त्यात जास्तीची हवा दाबून भरणारा सुपरचार्जर आणि ३२० अश्वशक्तीचा दावा. दुसऱ्या गिअरमध्येच ताशी १०४ मैल गाठता येतात, असे कंपनी सांगत असे. अशा जेमतेम तीन डझन गाड्या तयार झाल्या.

त्या काळी कंपनी केवळ सांगाडा आणि इंजिन देई. वरचा साज दुसऱ्या कारागिरांकडून करून घ्यावा लागे. महाराजांच्या गाडीचा साज लंडनच्या गर्नी नटिंग यांनी १९३६ च्या सुमारास चढविला. सुकाणू उजवीकडे, टप उघडा, पुढे लांबलचक नाक आणि एवढ्या प्रचंड गाडीत आसने फक्त दोन! व्यवहाराच्या दृष्टीने हा वेडेपणाच. १९३७ मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनीच बंद पडली.

त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये संयोगिताराजे यांचे अकाली निधन झाले. उषादेवी तेव्हा चार वर्षांच्याही नव्हत्या. दोघांनी मिळून जे उभे केले, त्यातला प्राण तेथेच गेला. ब्रांकुशी मंदिराच्या कामासाठी इंदूरला येऊन गेले. पण मंदिर झाले नाही. महाराजांचा मुक्काम अमेरिकेत वाढला. पुढे त्यांनी दोन अमेरिकन स्त्रियांशी विवाह केले. दुसऱ्या अमेरिकन पत्नीपासून १९४४ मध्ये पुत्र झाला, तो शिवाजीराव ऊर्फ रिचर्ड.

इंदूरच्या लोकांच्या आठवणीत मात्र महाराज अधिक राहिले ते क्रिकेटमुळे. नागपुरात जन्मलेल्या कर्नल सी. के. नायडू यांना तुकोजीरावांनी इंदुरात आणले होते. त्यांच्या नेतृत्वाखालील होळकर संघाला यशवंतरावांनी पाठबळ दिले. १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला.

मे १९४८ मध्ये इंदूर मध्य भारतात विलीन झाले. महाराज उपराजप्रमुख झाले. १९५६ मध्ये तेही पद संपले. मागे राहिला वारसाचा प्रश्न. पुत्र होता, पण परदेशी मातेचा; कन्या होती, पण गादीवर बहुधा पुरुषच बसत आलेले. अखेर सरकारची मान्यता उषादेवींना मिळाली. ज्या घराण्यात अहिल्याबाईंनी जवळपास तीन दशके राज्य केले, तेथे याचे नवल कशाला वाटावे? पण काळ बदलला होता. १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता दोन्ही रद्द झाले.

वस्तूही पांगल्या. माणिकबागेत केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्याचे कार्यालय आले. तेथील फर्निचरचा १९८० मध्ये माँटे कार्लोत लिलाव झाला. पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने २०१९ मध्ये महाराजांवर मोठे प्रदर्शन भरविले, तेव्हा त्यांच्या वस्तू अनेक ठिकाणांहून गोळा कराव्या लागल्या. रिचर्ड होळकर यांनी पत्नी सॅली यांच्यासमवेत वाट निवडली ती महेश्वरची. अहिल्याबाईंच्या या राजधानीतील मोडकळीस आलेल्या हातमागांसाठी त्यांनी 'रेहवा' संस्था सुरू केली. ड्यूसेनबर्ग अमेरिकेतच राहिली, अंगावर होळकरांचा केशरी रंग घेऊन.