साधनेचा वाटाड्या : फादर अँथनी डिमेलो

ज्याला आपण सर्रास 'रिट्रीट' म्हणतो, त्या आध्यात्मिक साधनेला भारतीय ख्रिस्तसभेत नवे वळण देणाऱ्यांमध्ये येशूसंघीय धर्मगुरू फादर अँथनी डिमेलो यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांच्या कार्याची मुख्य भूमी पुणे व लोणावळा ही होती, ही आपल्या दृष्टीने विशेष जिव्हाळ्याची बाब होय.

४ सप्टेंबर १९३१ रोजी मुंबईत एका श्रद्धाळू कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पाच भावंडांत ते थोरले. धर्मगुरू होण्याची ओढ लहानपणापासूनच होती. १९४७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनी अंधेरी येथील विनयालयात येशूसंघाची दीक्षार्थी म्हणून वाट धरली. १९५२ मध्ये तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी त्यांना स्पेनमधील बार्सिलोना येथे पाठविण्यात आले. ईशज्ञानाचा अभ्यास त्यांनी पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात केला आणि मार्च १९६१ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे शिकागोच्या लोयोला विद्यापीठात त्यांनी समुपदेशनाचे शिक्षण घेतले.

स्पेनमधील वास्तव्याने त्यांच्या जीवनाला दिशा दिली. बार्सिलोनापासून जवळच मानरेसा हे गाव आहे. तेथेच १५२२-२३ मध्ये संत इग्नेशियस लोयोला यांनी एकांतवासात प्रार्थना केली व त्या अनुभवातून त्यांची 'आध्यात्मिक साधना' आकाराला आली. पोप पॉल तिसरे यांनी १५४८ साली त्या ग्रंथाला मान्यता दिली आणि १९२२ साली पोप पायस अकरावे यांनी संत इग्नेशियस यांना सर्व आध्यात्मिक साधनांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. या मूळ झऱ्यापाशी जाऊन तरुण अँथनी यांना एक गोष्ट उमगली. संत इग्नेशियस यांच्या पद्धतीत मार्गदर्शकाने थोडे बोलावे आणि साधकाने स्वतः प्रार्थनेत उतरावे, अशी अपेक्षा होती. कालौघात मात्र साधनेला व्याख्यानमालेचे रूप आले होते. धर्मगुरूंनी दिवसातून अनेक प्रवचने द्यावीत व इतरांनी ती निमूटपणे ऐकावीत, अशी प्रथा सर्वत्र रुळली होती.

ही घडी बदलण्याचे काम त्यांनी पुण्यात आरंभिले. १९७२ साली डी नोबिली कॉलेजात त्यांनी समुपदेशनाची संस्था स्थापन केली. हीच पुढे 'साधना' या नावाने ओळखली जाऊ लागली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून धर्मगुरू व धर्मभगिनी तेथे येऊ लागल्या. प्रत्येकाच्या अंतःकरणातील भीती, राग, जुने घाव यांना वाट करून दिल्याशिवाय प्रार्थना खोलवर रुजत नाही, हे ओळखून त्यांनी समुपदेशन व प्रार्थना यांची सांगड घातली.

१९७८ साली संस्था लोणावळ्यास हलली. मुळशीतील नेरे, कासारसाई परिसरातील भातखाचरांवरून पश्चिमेला गेले की पुढे सह्याद्रीच्या माथ्यावर हे गाव आहे. दरवर्षी सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस येथे कोसळतो. येथील दीर्घ अभ्यासक्रम नऊ महिन्यांचा असे. साहजिकच साधकांना ऋतूंचे पालट एकाच ठिकाणी राहून अनुभवावे लागत. दोन-तीन दिवसांचे मौन उत्साहात निभावता येते. परंतु महिने लोटले की मनाचा कोरडेपणाही उघडा पडतो. त्यातून पळ न काढता, आहे ते शांतपणे न्याहाळणे, हाच तेथील अभ्यास होता.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'साधना' या पुस्तकात त्यांनी प्रार्थनेचे ४७ प्रकार दिले. शरीराची जाणीव, श्वासाचे भान, कानी पडणारे आवाज, शुभवर्तमानातील प्रसंगांचे चिंतन, येशूच्या नामाचा जप व स्तुती असा तो क्रम आहे. श्वासाकडे लक्ष देणे हे आपल्या योगपरंपरेशी जुळणारे खरे. परंतु प्रत्येक श्वासागणिक प्रार्थनेचा एकेक शब्द उच्चारण्याची रीत संत इग्नेशियस यांनीही शिकविली होती. भारतीय परंपरा व येशूसंघाचा वारसा यांची भेट त्यांनी अशी घडवून आणली.

एप्रिल १९८७ मध्ये माजी साधकांसाठी लोणावळ्यात एक शिबिर झाले. त्यानंतर ते अमेरिकेस गेले व २ जून १९८७ रोजी न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५५ वर्षांचे होते. पार्थिव मुंबईस आणण्यात आले. संस्थेचे कार्य सहकाऱ्यांनी पुढे चालविले.

फादर डिमेलो यांच्या जीवनाविषयी लिहिताना आणखी एका घटनेचा उल्लेख टाळता येणार नाही. २४ जून १९९८ रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धातत्त्व विभागाने त्यांच्या लिखाणाविषयी सूचनापत्र काढले. त्यांच्या आरंभीच्या लिखाणात आसक्तीतून मुक्त होण्यास साहाय्यक ठरणारे बरेच काही असल्याचे त्यात मान्य केले आहे. मात्र नंतरच्या लिखाणातील काही विचार कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याचे स्पष्ट केले आहे; विशेषतः प्रभू येशूला अनेक गुरूंपैकी एक गुरू मानण्याकडे असलेला त्यांचा कल. त्यांची काही पुस्तके मरणोत्तर, भाषणांच्या व टिपणांच्या आधारे प्रसिद्ध झालेली आहेत, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या जीवनकथेतून दोन्ही गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. मौनाशिवाय साधना म्हणजे केवळ प्रवचनांची सहल ठरते. आणि प्रभू येशूशिवाय मौन म्हणजे नुसती विश्रांती. उपवासकाळात आपापल्या धर्मग्रामांत साधनेचे आयोजन होते. त्यात वक्ता कोण, याची चौकशी आपण आवर्जून करतो. त्यासोबतच पवित्र साक्रामेंतासमोर निःशब्द बसण्यासाठी वेळ किती राखून ठेवला आहे, हेही विचारले जावे. फादर डिमेलो यांनी सुरू केलेल्या सुधारणेचा लाभ तेव्हाच आपल्या धर्मग्रामांपर्यंत पोहोचेल.