पंडिता रमाबाई : दुष्काळात उभं राहिलेलं घर

स्मरणिकेसाठी लेख मागवला, तेव्हा शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच असं वाटलं. वर्गातल्या मोजक्या ख्रिस्ती मुलांपैकी मी एक. नाताळात तुम्ही सगळे आमच्या घरी करंज्या खायला यायचात. अलीकडे मात्र भेटलो की तुम्ही एक प्रश्न हमखास विचारता. करोनात आपले मित्र गेले, रोज युद्धाच्या बातम्या येतात, तरी तुझी श्रद्धा टिकते कशी? मला त्यावर प्रवचन देता येत नाही. एक चरित्र सांगता येतं.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईनं रमेला. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थक्षेत्रं हिंडायचं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण थोड्याच काळात गेली. उरलेली बहीणभावंडं, रमा आणि श्रीनिवास, उपाशीपोटी देशभर पायी फिरत १८७८मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. १८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी तिनं जातीबाहेरचे बंगाली वकील बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं. १८८२मध्ये पटकीनं तेही गेले. पदरात लहानगी मनोरमा, आणि वय अवघं तेवीस.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर मागितल्या. १८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. समाजानं टाकलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी मायेनं सांभाळतात, हे त्यांनी पाहिलं आणि त्यामागे ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट आहे हे त्यांना कळलं. त्याच वर्षी वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण बुद्धीला न पटलेला सिद्धांत त्यांनी तिथल्या धर्मगुरूंकडूनही मुकाट्यानं घेतला नाही, वाद घातला. मला त्या जवळच्या वाटतात त्या इथं.

१८८९मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई याच सदनातल्या. १८९३मध्ये मुली ख्रिस्ती होतील या शंकेनं गदारोळ उठला. पुण्यातले सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या नेत्यांची भीती समजून घेता येते. पण ज्यांच्यासाठी सगळं केलं त्याच मुली दारातून परत जाताना पाहणं काय असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. रमाबाईंनी सदन बंद केलं नाही.

१८९६-९७मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः भूक सोसलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे दिवस होते, इतक्या जणींना शहरात ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून केडगावच्या जमिनीवर राहुट्या पडल्या. तेच मुक्ती सदन. १९००च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली संख्या आणखी वाढली. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकाच चालवत. अंध मुलींसाठी वेगळं सदन होतं, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' होतं.

उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, ते साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी. काम पुरं होत आलं असताना, १९२१मध्ये, त्यांचा उजवा हात असलेली मनोरमा गेली. रमाबाई भाषांतराच्या कामाला लागल्याच. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

मित्रांनो, या बाईला आयुष्यानं आशा बाळगण्याचं फारसं कारण दिलं नव्हतं. तिची आशा मनाच्या उभारीवर अवलंबून नव्हतीच. आज दारात कोण आलंय, त्याला जेवू घालायचं, शिकवायचं, एवढ्यावर ती उभी होती. उरलेला भार तिनं देवावर टाकला होता. माझी श्रद्धा टिकते ती अशीच, कुणाच्या तरी कामात हात घातल्यावर. आणि गुरुजनहो, तुमच्यापैकी अनेकांची टिकलेली मी वर्गातच पाहिली आहे, तुम्ही त्याला कोणतंही नाव द्या.

केडगाव पुणे-दौंड रेल्वेमार्गावर आहे आणि मुक्ती सदनाचं काम आजही चालू आहे. संमेलनानंतर एक दिवस काढा, आपण मिळून जाऊन येऊ.