नवख्या दिग्दर्शकाच्या पाठीशी उभी राहिली शिरपूरची स्मिता

शिरपूर : हातात पैसा कमी, दिग्दर्शक नवखा, पिच्चर चालेल की नाही याची खात्री नाही. अशा वेळी नाव झालेली नटी सहसा लांबच राहते. आपल्या खान्देशच्या स्मिता पाटीलचं तसं नव्हतं.

घराणं मूळचं शिरपूरचं, जन्म पुण्यातला, १७ ऑक्टोबर १९५५ चा. वडील शिवाजीराव पाटील स्वातंत्र्यसैनिक, पुढे राज्यात मंत्री. आई विद्याताई परिचारिका. मंत्र्याची ही पोरगी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची, तीही म्हणे जीन्सवरच साडी गुंडाळून!

डॉ. जब्बार पटेल यांचा पहिला चित्रपट 'सामना'. त्यात तिची भूमिका छोटीशीच. 'मंथन'साठी (१९७६) गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले. झाले दहा लाख. आज तेवढ्यात एक ट्रॅक्टर येतो. मग 'भूमिका'साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

एवढं नाव झाल्यावर तिने रवींद्र धर्मराज यांचा 'चक्र' केला. धर्मराज यांचा हा पहिलाच चित्रपट, जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा. गाव सोडून मुंबईच्या झोपडपट्टीत आलेली अम्मा स्मिताने उभी केली. झोपडीसाठी पत्रे चोरताना नवरा गोळी लागून मरतो, पदरात पोरगा. शेवटी झोपड्यांवर बुलडोझर येतो. पोटासाठी मुंबई-सुरत गाठलेल्या आपल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. भूमिकेसाठी स्मिता स्वतः झोपडपट्ट्यांत जाऊन तिथल्या बायांचं वागणं-बोलणं बघून आली होती.

पण पिच्चर विकायची वेळ आली अन् पोस्टरवर काय लावलं? अम्माचं उघड्यावरचं अंघोळीचं दृश्य. ज्या बाईला चार भिंतींचा आडोसाही नाही, तिच्या त्याच गरिबीची जाहिरात झाली. स्मिताला हे फार लागलं, अन् तिचं चुकलं नव्हतं.

पुढे 'चक्र'साठी तिला दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्वित्झर्लंडच्या लोकार्नो महोत्सवात १९८१ साली चित्रपटाने सर्वोच्च बक्षीस आणलं. धर्मराज मात्र लवकरच वारले. त्यांचा पहिला चित्रपट हाच शेवटचा ठरला.

स्मिताला १९८५ साली पद्मश्री मिळाली. पुढच्या वर्षी बाळंतपणानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, १३ डिसेंबरला, ती गेली. वय फक्त ३१. 'मिर्च मसाला' थिएटरात लागला तो त्यानंतर.