खाशाबांना न मिळालेला अर्धा तास

बीडकडच्या जत्रांत कुस्तीचा फड मातीचाच. खाशाबा जाधवही कराडजवळच्या गोळेश्वरच्या मातीत घडले. जन्म १९२६चा. १९४८ला लंडनमध्ये मॅटची सवय नव्हती, तरी सहावे आले. १९५२ला हेलसिंकीत जपानच्या इशीशी लांबलेल्या कुस्तीनंतर लगेच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे केले. नियमाने मध्ये अर्धा तास विश्रांती हवी होती. ती मागायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता. ही विश्रांती म्हणजे लाड नव्हेत. जोराच्या झुंजीत रक्तात चढलेले लॅक्टेट निम्म्यावर यायलाच पंधरा-वीस मिनिटे लागतात. दमलेले खाशाबा हरले. तरीही कांस्य आणलेच, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! पुढे पोलिसांत नोकरी केली. १९८४मध्ये ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर.