व्हिन्सेंट रिचर्ड्स : व्यावसायिक टेनिसचे वाटाडे

बंदिस्त स्टेडियममधील व्यावसायिक टेनिस स्पर्धा आता नित्याच्या झाल्या आहेत. मात्र पैसे घेऊन खेळणे कमीपणाचे मानले जात होते, त्या काळात हा मार्ग पत्करणाऱ्या पहिल्या नामवंत पुरुष खेळाडूंमध्ये अमेरिकेचे व्हिन्सेंट रिचर्ड्स यांचे नाव अग्रभागी आहे.

20 मार्च 1903 रोजी न्यूयॉर्क राज्यात जन्मलेल्या रिचर्ड्स यांनी 1918 मध्ये, वयाच्या अवघ्या 15 व्या वर्षी, अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुष दुहेरीचे विजेतेपद पटकावले. त्यांचे जोडीदार बिल टिल्डन त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे होते. पुढच्याच वर्षी रिचर्ड्स यांनी अमेरिकेची इनडोअर एकेरी स्पर्धा जिंकली. लाकडी फरशीवर चेंडू वेगाने येतो. तेथे नेटजवळ धाव घेऊन टप्पा पडण्यापूर्वीच तो परतवणे फायद्याचे ठरते. ही व्हॉली रिचर्ड्स यांचे प्रमुख अस्त्र होते. दुहेरीतील त्यांच्या यशाचे रहस्यही त्यातच होते.

1924 हे वर्ष त्यांच्या कारकिर्दीचा कळस ठरले. फ्रँक हंटर यांच्या साथीने त्यांनी विंबल्डनची दुहेरी जिंकली. त्याच जोडीने पॅरिस ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या कोशे-ब्रुन्यॉं जोडीला नमवून सुवर्णपदक मिळवले. एकेरीचे सुवर्णपदकही रिचर्ड्स यांनाच मिळाले. त्यानंतर टेनिस ऑलिंपिकमधून वगळण्यात आले. पदकाचा खेळ म्हणून ते थेट 1988 मध्ये परतले.

1926 मध्ये, वयाच्या 23 व्या वर्षी, रिचर्ड्स यांनी सी. सी. पाईल यांच्या व्यावसायिक पथकात प्रवेश केला. फ्रान्सच्या सुझान लाँग्लेन या पथकाचे मुख्य आकर्षण होत्या. 9 ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या बंदिस्त प्रांगणात या दौऱ्याचा प्रारंभ झाला. या निर्णयाची किंमत मोठी होती. विंबल्डन, अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा आणि डेव्हिस चषक यांची दारे त्यांना कायमची बंद झाली.

रिचर्ड्स यांनी मात्र माघार घेतली नाही. 1927, 1928, 1930 आणि 1933 मध्ये त्यांनी अमेरिकेचे व्यावसायिक एकेरी अजिंक्यपद मिळवले. 1945 मध्ये 42 वर्षांचे रिचर्ड्स आणि 52 वर्षांचे टिल्डन पुन्हा एकत्र आले. पहिल्या विजेतेपदानंतर 27 वर्षांनी या जोडीने व्यावसायिक दुहेरीचे अजिंक्यपद जिंकले.

28 सप्टेंबर 1959 रोजी रिचर्ड्स यांचे निधन झाले. 1968 मध्ये मोठ्या स्पर्धा व्यावसायिकांसाठी खुल्या झाल्या. तो दिवस पाहण्याचे भाग्य मात्र त्यांना लाभले नाही.