मालमत्तेच्या मालकीला सरकारी हमी देणारे सर रॉबर्ट टॉरेन्स

शहरातील घर किंवा भूखंड विकत घेताना प्रत्येक खरेदीदाराला एकच चिंता असते : विकणारा खरोखर मालक आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शासनानेच द्यावे आणि ते चुकल्यास भरपाईही शासनानेच करावी, असा विचार १६५ हून अधिक वर्षांपूर्वी दक्षिण ऑस्ट्रेलियात कायद्यात उतरला. त्या कायद्याचे प्रवर्तक सर रॉबर्ट रिचर्ड टॉरेन्स यांचे नाव आजही जगभरातील भूमी अभिलेख प्रशासनात घेतले जाते.

टॉरेन्स यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आयर्लंडमधील कॉर्क येथे झाला. त्यांचे वडील कर्नल रॉबर्ट टॉरेन्स हे अर्थतज्ज्ञ होते आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीची योजना राबविणाऱ्या आयोगाचे प्रमुख होते. ॲडलेड शहरातून वाहणाऱ्या नदीला वडिलांचेच नाव देण्यात आले आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर रॉबर्ट यांनी लंडनमध्ये सीमाशुल्क विभागात नोकरी केली. १८४० मध्ये ते ॲडलेडला सीमाशुल्क अधिकारी म्हणून रुजू झाले. पुढे वसाहतीच्या कोषागाराची आणि महानिबंधक पदाचीही जबाबदारी त्यांच्याकडे आली.

वसाहत नवी असली तरी जमिनीचे व्यवहार इंग्लंडच्या जुन्या पद्धतीने चालत. प्रत्येक विक्रीच्या वेळी मूळ अनुदानापासूनची सर्व खरेदीखते, गहाणखते आणि मृत्युपत्रे वकिलाकडून तपासून घ्यावी लागत. साखळीतील एक दस्तऐवज गहाळ झाला किंवा सदोष निघाला, तर पैसे मोजूनही खरेदीदाराची मालकी धोक्यात येई. ॲडलेडमध्ये भूखंडांची खरेदी-विक्री झपाट्याने वाढत होती, अनेक मूळ मालक परदेशी राहत होते आणि कागदपत्रे हरवलेली होती. छोट्या भूखंडाच्या मालकाला तर वकिलाचा खर्च जमिनीच्या किमतीच्या मानाने फार जड जाई.

सीमाशुल्क विभागात असल्याने टॉरेन्स यांना जहाजांच्या नोंदणीची पद्धत परिचित होती. जहाजाची मालकी ठरविण्यासाठी जुने दस्तऐवज चाळावे लागत नसत. नोंदवहीतील नावच पुरेसे असे. हीच पद्धत जमिनीला लागू करण्याचा आग्रह त्यांनी धरला. हॅम्बुर्गहून आलेले कायदेपंडित उलरिख ह्यूब यांनी जर्मन नगरांतील भूनोंदणीची माहिती पुरवून त्यांना साहाय्य केले. कायद्याच्या श्रेयात ह्यूब यांचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

१८५७ मध्ये टॉरेन्स ॲडलेड शहरातून विधानसभेवर निवडून आले. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात ते सुमारे महिनाभर वसाहतीचे पंतप्रधानही होते. मात्र त्यांचे लक्ष स्थावर मालमत्ता विधेयकावर केंद्रित होते. वकीलवर्गाचा कडवा विरोध असूनही विधेयक संमत झाले. २७ जानेवारी १८५८ रोजी त्याला मंजुरी मिळाली आणि जुलैपासून अंमलबजावणी सुरू झाली. टॉरेन्स यांनी राजकारण सोडून नव्या भूमी नोंदणी कार्यालयाचे प्रमुखपद स्वीकारले.

या पद्धतीचे सूत्र सोपे होते. प्रत्येक भूखंडासाठी नोंदवहीत एक पान असे आणि त्यावर मालकाचे नाव तसेच जमिनीवरील बोजे यांची नोंद होई. मालकी दस्तऐवजाने नव्हे, तर नोंदीने मिळे. त्यामुळे खरेदीदाराला मागील इतिहास तपासण्याची आवश्यकता उरली नाही. नोंदीतील चुकीमुळे अथवा फसवणुकीमुळे कोणी हक्काला मुकल्यास त्याच्या भरपाईसाठी स्वतंत्र निधी उभारण्यात आला.

कायद्याची खरी कसोटी न्यायालयात लागली. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बेंजामिन बूथबी यांनी तो इंग्लिश कायद्याशी विसंगत ठरवून अवैध मानला. नव्या पद्धतीने घरे घेणाऱ्यांची मालकी त्यामुळे टांगणीला लागली. हा पेच अखेर ब्रिटिश संसदेपर्यंत गेला. १८६५ च्या कायद्याने वसाहतींच्या विधिमंडळांचे अधिकार स्पष्ट झाले आणि १८६७ मध्ये बूथबी यांना पदावरून दूर करण्यात आले.

तोपर्यंत शेजारच्या वसाहतींनीही ही पद्धत स्वीकारली होती. इंग्लंडला परतल्यावर टॉरेन्स १८६८ ते १८७४ या काळात केंब्रिजचे संसद सदस्य होते. १८७२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. इंग्लंडमध्ये मात्र मालकी नोंदणी सक्तीची होण्यास १८९७ चा कायदा यावा लागला आणि तोही प्रथम लंडनपुरताच होता.

या यशाला एक काळी किनारही आहे. नोंदवहीचे पहिले पान ब्रिटिश राजसत्तेने दिलेल्या अनुदानापासून सुरू होई. ॲडलेडच्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कौर्ना या मूळ रहिवाशांच्या हक्काला त्यात स्थान नव्हते. मूळ रहिवाशांच्या पारंपरिक हक्काला ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायसंस्थेने मान्यता दिली, ती १९९२ मध्ये.

भारतात १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार दस्तऐवजाची नोंदणी होते, मालकीची नव्हे. त्यामुळे दुय्यम निबंधकाचा शिक्का असलेले खरेदीखत किंवा नगर भूमापन कार्यालयाची मिळकत पत्रिका ही मालकीची अंतिम हमी ठरत नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डी. सी. वाधवा यांनी १९८९ मध्ये नियोजन आयोगाला सादर केलेल्या अहवालात टॉरेन्स पद्धतीची शिफारस केली होती. राजस्थानने २०१६ मध्ये शहरी जमिनींसाठी मालकी प्रमाणपत्राचा कायदा केला. आंध्र प्रदेशाने २०२२ मध्ये केलेला मालकी हक्क कायदा मात्र वादानंतर २०२४ मध्ये रद्द झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने ‘नक्शा’ हा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला. त्यात १५२ नागरी स्थानिक संस्थांच्या क्षेत्रातील जमिनींचे हवाई सर्वेक्षण करण्याचे ठरले.

अचूक नकाशे आणि संगणकीकृत नोंदी ही पहिली पायरी आहे. नोंद चुकल्यास जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर टॉरेन्स यांनी कायद्यातच दिले होते. नोंदवही प्रथम भरताना कोणाचा हक्क बाहेर राहिला, हा प्रश्न मात्र त्यांच्या कायद्याने विचारला नाही. शहरांच्या नोंदी नव्याने तयार करणाऱ्या प्रत्येक देशाला या दोन्ही बाबींचा विचार करावा लागणार आहे.