भिंतीपलीकडची घंटा

रात्री दहाला हॉस्टेलचं नेट गेलं की कुठल्या मजल्यावरून कोणती शिवी येते हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. रेक्टर सरांनाही असावं. त्या शिव्यांमध्ये मीही माझा वाटा इमानदारीने उचलत आलो. पण मागच्या दिवाळीच्या सुट्टीत याच नेटपायी मलाच बोलणी खावी लागली, तीही घरची. त्या निमित्ताने एका माणसाची नव्याने ओळख झाली. नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, शाळेत, झाडांनाही संवेदना असते या धड्यात. आचार्य जगदीशचंद्र बोस.

आधी घरचं सांगतो. माझं गाव आंधळगाव, भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं. कोशाच्या कापडासाठी आमचं गाव ओळखलं जातं. काकाजींचं समोर छोटंसं दुकान, मध्ये माजघर आणि मागे टिनाच्या शेडमध्ये हातमाग. हल्ली गिऱ्हाईक फोनवरच साडी बघतं, मागावर चढलेली असतानाच बघायला मागतं. म्हणून शेडपर्यंत वायफाय पाहिजे होतं. पुतण्या इंजिनिअरिंगला, तोही इलेक्ट्रॉनिक्सला, म्हटल्यावर काकाजींनी सगळं माझ्यावर सोडलं. मी तीन डब्यांचा मेश सेट मागवायला लावला. एक डबा गल्ल्याजवळ, दुसरा माजघरात, तिसरा शेडमध्ये. खोक्यावरच्या चित्रात अख्खं घर निळ्या रंगाने भरलेलं होतं, त्यामुळे मीही निर्धास्त.

शेडमध्ये फोनवर रेघा पूर्ण दिसायच्या, पण नेट मात्र मुंगीच्या पावलाने चालायचं. ऐन दिवाळीत एका बाईंना व्हिडिओवर पदर दाखवताना चित्र अडकलं ते अडकलंच. साडी गेली हातची. काकाजी काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. काकू मात्र बोलल्या.

सुट्टी संपवून परत आलो. विद्युतचुंबकीय लहरींच्या पेपरात माझी केटी होतीच. त्यासाठी वाचता वाचता बोस यांचं एक जुनं चरित्र हाती लागलं. ते १९२० साली पॅट्रिक गेडिस यांनी लिहिलं. हे गेडिस म्हणजे मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक. शहरांचा अभ्यास करणारा माणूस एका भौतिकशास्त्रज्ञाचं चरित्र लिहितो, याचं नवल वाटून मी ते उघडलं आणि केटी बाजूला राहिली.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, आताच्या बांगलादेशातल्या मैमनसिंगचा. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. त्या काळात मोठ्या साहेबाचा मुलगा इंग्रजी शाळेत जायचा. भगवानचंद्रांनी मुलाला मुद्दाम बंगाली शाळेत घातलं. तिथे त्याच्या शेजारी वडिलांच्याच चपराशाचा मुलगा आणि एका कोळ्याचा मुलगा बसायचा. पाण्यातल्या जिवांच्या, झाडापाखरांच्या गोष्टी त्याने या सोबत्यांकडून ऐकल्या. पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये फादर लाफाँ यांनी प्रयोग दाखवून दाखवून त्याला भौतिकशास्त्राची गोडी लावली. १८८० मध्ये तो डॉक्टर व्हायला लंडनला गेला. पण तापाने पिच्छा सोडला नाही, म्हणून वैद्यकी सोडून केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात विज्ञानाकडे वळला. तिथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू मिळाले. म्हणजे बघा, ब्रँच बदलणारे आपणच पहिले नाही.

१८८५ मध्ये बोस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथे एक नियम होता. हिंदी प्राध्यापकाला युरोपियनाच्या दोन तृतीयांश पगार. त्यातही बोसांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याचाही अर्धा. म्हणजे काम तेच आणि दाम एक तृतीयांश. बोसांनी भांडण केलं नाही, राजीनामाही दिला नाही. त्यांनी पगार घेणंच बंद केलं आणि शिकवणं चालू ठेवलं. एक महिना, दोन महिने नाही, तीन वर्षं! घरची परिस्थिती काय होती? वडिलांनी लोकांच्या भल्यासाठी काढलेल्या उद्योगांत कर्ज करून ठेवलेलं. १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी लग्न झालेलं. त्या मद्रासला वैद्यकी शिकलेल्या. नवरा पगार घेत नाही अशा घरात त्यांनी संसार मांडला. अखेर सरकार नमलं. पूर्ण पगार मागच्या तारखेपासून एकरकमी हातात आला आणि तो वडिलांचं कर्ज फेडण्यात गेला.

आता लहरींकडे येऊ. जर्मनीच्या हाइनरिख हर्ट्झने १८८७-८८ मध्ये विद्युतचुंबकीय लहरी प्रत्यक्ष दाखवल्या आणि १८९४ च्या जानेवारीत वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. त्याच साली ३० नोव्हेंबरला बोस छत्तीस वर्षांचे झाले आणि यापुढे संशोधन करायचं असं त्यांनी त्या दिवशी ठरवलं. कॉलेजात प्रयोगशाळा म्हणाल तर स्नानगृहाला लागून असलेली एक चिंचोळी खोली. मदतीला एक टिनकाम करणारा कारागीर. अनुदान नाही. शिकवण्याचे तास संपल्यावर उरेल तो वेळ.

हर्ट्झच्या लहरी लांबलचक होत्या, मीटरच्या हिशोबातल्या. त्यांचं वळणं, परतणं तपासायला मोठा हॉल आणि अवाढव्य आरसे लागायचे. बोसांनी लहरच लहान केली, अडीच सेंटिमीटरपासून पाच मिलिमीटरपर्यंत. त्यामुळे सगळा सरंजाम टेबलावर मावला. लहर एका दिशेने सोडायला नळी लावली, पकडायला नरसाळं लावलं. आज आपण ज्याला वेव्हगाइड आणि हॉर्न अँटेना म्हणून व्हायवात अडखळतो, तेच हे.

मग त्यांनी हाताला येईल ती वस्तू या लहरींच्या वाटेत धरली. गंधक, डांबर, काच, स्फटिक. लहर कशातून पार होते, कशात वाकते, कशावरून परत येते, सगळं मोजलं. रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक घेतलं, त्याच्या पानापानांत धातूचा पातळ पत्रा सरकवला आणि त्याने लहरींचं ध्रुवीकरण केलं. तागाच्या पिळलेल्या जुड्या ठेवून पाहिल्या, तर पिळाच्या दिशेप्रमाणे लहरीची कंपनदिशाही फिरते असं दिसलं. सुताला पीळ देणाऱ्यांच्या गावचा मी, इथे थांबून दोनदा वाचलं.

१८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. एका खोलीतून लहर सोडली. ती मधल्या भिंती ओलांडून ७५ फुटांवरच्या खोलीत पोचली आणि तिथे घंटा वाजली, पिस्तूल उडालं, दारूचा छोटासा सुरुंग फुटला. मध्ये तार नाही. गेडिस एक बारीक गोष्ट नोंदवतात. लहर इतकी लांब जावी म्हणून बोसांनी वीस फूट उंच खांबाच्या टोकाला धातूची गोल तबकडी बसवून ती यंत्राला जोडली होती आणि घेणाऱ्या बाजूलाही तशीच. ही तबकडी वाचली आणि माझी ट्यूब पेटली. ती इथेच सोडतो, पुढे तिच्याकडे येतोच.

१८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं. १८९९ मध्ये त्यांनी लोखंड आणि पाऱ्याचा एक लहरग्राहक जाहीर केला, काहीही न लपवता. मार्कोनीने १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडचा संदेश ज्या साधनाने ऐकला ते याच जातीचं होतं, असं पुढे अभ्यासकांनी दाखवलं. त्याच वर्षी एका मोठ्या तार कंपनीचा मालक पेटंटचा कागद घेऊन बोसांकडे आला. अर्धा नफा देतो म्हणाला. बोसांनी नकार दिला आणि ही हकिकत रवींद्रनाथांना पत्राने कळवली. ज्ञानाचा बाजार मांडायचा नाही ही त्यांची भूमिका. शेवटी सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांच्या आग्रहापुढे थोडं नमून गॅलेनाच्या ग्राहकासाठी अमेरिकेत अर्ज केला. १९०४ मध्ये पेटंट मिळालं. अर्धवाहकाच्या साधनावरचं हे अगदी सुरुवातीचं पेटंट. पण त्यातून त्यांनी पैसा केला नाही.

नंतर ते वनस्पतींकडे वळले. ते शाळेतच शिकलोय, म्हणून लांबवत नाही. ३० नोव्हेंबर १९१७ ला, म्हणजे पुन्हा वाढदिवशीच, त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट उभी केली. १९२० मध्ये रॉयल सोसायटीचे सभासद झाले. २३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीहला त्यांचं निधन झालं. सातच दिवसांनी ते ७९ वर्षांचे झाले असते. पुढे २०१२ मध्ये आयईईई या संस्थेने त्यांच्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगाला ऐतिहासिक टप्प्याचा मान दिला. त्याच वर्षी वायफायचं ६० गिगाहर्ट्झचं मानक आलं. त्याची लहर किती? पाच मिलिमीटर!

आता ती तबकडी. माझं चुकलं कुठे हे तिने दाखवलं. मी डबे ठेवले होते जिथे प्लग होता तिथे, कमरेच्या उंचीवर. वायफायची लहर २.४ गिगाहर्ट्झला साडेबारा सेंटिमीटरची, ५ गिगाहर्ट्झला साधारण पाच-सहा. कमरेच्या उंचीवर तिच्या वाटेत काय? कपाटं, साड्यांचे ढीग, माणसं. आणि शेडमधल्या पूर्ण रेघा फोन आणि जवळचा डबा यांच्यातल्या होत्या. तो डबा माजघरातल्या डब्याशी बिनतारीच बोलत होता आणि त्यांच्यामध्ये जाड भिंत, लोखंडी कपाट आणि टिनाची आडभिंत. जो धागा दिसत नव्हता तोच तुटका होता.

पुढच्या सुट्टीत नवीन काही घ्यायच्या आधी एक दिवस नुसता फोन घेऊन फिरलो. कपाटाचं दार उघडून, बंद करून, टिनाच्या अलीकडे, पलीकडे, आकडे वहीत लिहिले. मग छताला लावायचे दोन अ‍ॅक्सेस पॉइंट आणले. छतावरून लहर छत्रीसारखी खाली पसरते, मध्ये अडथळे कमी. एक दुकानाच्या छताला, दुसरा शेडमध्ये टिनाच्या बराच खाली, लाकडी फाट्याला. दोघांनाही गल्ल्यापासून केबल. वीज आणि डेटा एकाच केबलमधून जातो, त्यामुळे वर प्लगची भानगड नाही. हे पॉइंट दुसऱ्या कंपनीचे होते, मेशच्या कुटुंबात ते सामील होणार नव्हतेच. म्हणून त्यांना नुसतं अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालवलं. नाव आणि पासवर्ड तोच, पत्ते वाटायचं काम पहिल्या डब्याकडेच. एकाला चॅनल १, दुसऱ्याला ११. पॉवर थोडी कमी, नाहीतर फोन लांबच्यालाच चिकटून बसतो. उरलेले दोन मेशचे डबे बंद करून ठेवले.

सगळं लागल्यावर मी दुकानातून फोन केला आणि काकाजींनी शेडमधून मला मागावरचा पदर दाखवला. काठातला एक-एक धागा दिसत होता. मधल्या दोन्ही भिंती जागच्या जागी होत्या. काकाजी तेव्हाही काही बोलले नाहीत. फक्त माझी मोजमापाची वही मागून घेतली आणि गल्ल्यात हिशोबाच्या वहीखाली ठेवली.

मित्रांनो, लॅबमध्ये यंत्रं नाहीत म्हणून आपण रोज कुरकुरतो. मीही कुरकुरतो, आणि ती मागणी चालूच ठेवली पाहिजे. पण यंत्र येईपर्यंत रेल्वेचं वेळापत्रक तरी हाताशी आहे. केटीचा पेपर पुढच्या महिन्यात आहे. या वेळी सुटेल असं वाटतंय.